दोन सेकंदांचा स्वर

थेल्मा ऑर्मरॉडचा आवाज ओसाकापासून ऑस्लोपर्यंत कुठे कुठे वाजला असेल, त्याला गणती नाही. आणि तिला स्वतःला मात्र जेवणाच्या टेबलावर पलीकडच्या माणसाकडे साखर मागायची झाली, तरी हाताने खूण करावी लागते. तिचा आवाज म्हणजे आता खडीवरून सपाता घासत नेल्यासारखी एक खरखर. अनोळखी माणूस ‘सर्दी झालीय का बाई’ म्हणून विचारतो. ती मान हलवते. हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. थेल्मा खोटं बोलत नाही. अडचण आली की गप्प बसते. तिची ही सवय ब्रॅकनशॉत सगळ्यांना ठाऊक आहे.

सपातांचं नाव आलं ते उगाच नाही. ब्रॅकनशॉ हे सपातांचं गाव. कापडाच्या गिरण्या बसल्या, तरी घरात घालायच्या मऊ सपाता शिवणारे दोन कारखाने बरीच वर्षं तग धरून होते. थेल्मा सोळाव्या वर्षी त्यातल्या एकात लागली. आठवडाभर सपातांना कड शिवायची आणि रविवारी एबेनेझर चॅपेलमध्ये गायचं. नवरा डग्लस बसचा ड्रायव्हर. मूलबाळ झालं नाही. त्याची भरपाई म्हणून असेल किंवा हौस म्हणून, चॅपेलच्या तळघरात रविवारी भरणारा लहान मुलांचा वर्ग ती घ्यायची. चॅपेलच्या मेजावर दर रविवारी कुणीतरी ताजी फुलं ठेवून जाई. मुलं विचारत, ‘बाई, फुलं कोण ठेवतं?’ थेल्मा सांगे, ‘ज्याच्यासाठी ठेवली त्याला माहीत आहे. बाकीच्यांनी वास घ्यावा.’ फुलं तीच ठेवायची.

गळा तिला देवाने दिलेला होता, यात गावात दुमत नव्हतं. दर जूनमध्ये चॅपेलचा वाढदिवस असे. व्यासपीठावर पांढऱ्या झग्यातल्या मुलींची उतरंड, समोर टोप्या घातलेल्या बायका, नंतर तळघरात कणकेच्या पारीत बटाटे भरून भाजलेला ‘पाय’ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेला लाल कोबी. त्या दिवशीचं एकटीने गायचं पद अकरा वर्षं थेल्माकडे होतं. त्यात एक ठिकाण असं होतं की ऑर्गन थांबायचा, सगळे थांबायचे, आणि थेल्माचा एकच लांब ‘आ’ छतापर्यंत जायचा. त्या वेळी म्हातारे पुरुष बुटांकडे बघत.

आता त्या ऑर्गनचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. एबेनेझरचा ऑर्गन फार जुना. तो बसवला तेव्हा इकडच्या गिरणगावांत पट्टी चढी ठेवायची रीत होती. पुढे साऱ्या जगाने पट्टी खाली आणली. गावच्या पितळी बँडनेसुद्धा मुकाट्याने नवी वाद्यं घेतली. एबेनेझरच्या विश्वस्तांनी मात्र ठरवलं की आपण होतो तिथे बरे आहोत. त्यामुळे तिथला ऑर्गन पेटीच्या काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधल्या कुठल्यातरी जागी वाजायचा, जिथे पेटीला पट्टीच नसते. आणि एबेनेझरमध्ये वाढलेल्या माणसाच्या कानात तीच पट्टी पक्की बसायची. रस्त्यात उभं करून स्वर लावायला सांगा, ते तोच लावणार. गावातल्या दुसऱ्या चॅपेलवाले त्यांना हसायचे. ‘एबेनेझरवाले स्वर्गातसुद्धा अर्धी पायरी वर उभे राहतील’ म्हणायचे.

थेल्माच्या रविवारच्या वर्गात आयन डकवर्थ नावाचा मुलगा होता. पुढे तो एकवीस वर्षांचा झाला, कारखान्यातलं काम जाऊन बेकार झाला आणि त्याने डॅरिल पिकप नावाच्या मित्राबरोबर गाण्याची जोडी काढली. डॅरिल गायचा, आयन यंत्रं वाजवायचा. ढोल नाही, गिटार नाही, दोघं आणि तारांचा गुंता. नाव ठेवलं ‘सेकंड शिफ्ट’, कारण दोघांच्याही आया कारखान्यात दुसऱ्या पाळीला जात. सरावाला त्यांनी चॅपेलचं तळघर मागितलं. बदल्यात खुर्च्या रचून ठेवायच्या, एवढीच अट होती.

पंच्याऐंशीच्या फेब्रुवारीतला मंगळवार. बायकांची दुपारची बैठक संपली होती आणि थेल्मा मागे राहून कप विसळत होती. दोघं मुलं लवकर आली. आयनने मँचेस्टरहून नवं यंत्र आणलं होतं. दिसायला पेटीसारखं, पण त्याला कुठलाही आवाज द्या, दोन सेकंद गिळून ठेवी, आणि मग ज्या पट्टीवर बोट ठेवाल तिथे तोच आवाज काढी. त्याने तोवर किटलीची शिट्टी, तळघराचं दार आणि डॅरिलचं शिंकणं गिळवून पाहिलं होतं.

“बाई, एक स्वर द्या ना,” आयन म्हणाला.

“कसला?”

“वाढदिवसाला देता तसा. लांब.”

“हात ओले आहेत माझे.”

“हातांनी कुठे गायचंय?”

डॅरिल तारा सोडवत होता. तो म्हणाला, “घाबरू नका बाई, ते चावत नाही. चावतो तो आयन.”

थेल्मा हसली, फडक्याला हात पुसले. आयन म्हणाला, “थांबा, आधी पट्टी देतो.” आणि त्याने यंत्राकडे बोट नेलं.

“तू मला पट्टी देणार?” ती म्हणाली. “नाकाला शेंबूड होता तुझ्या तेव्हापासून मी तिथे वर उभी आहे. चालू कर तुझं ते.”

त्याने चालू केलं आणि तिने स्वर लावला. फडकं हातातच होतं. दोन सेकंद झाले, यंत्राचा लाल दिवा विझला, तरी ती आणखी थोडी गातच राहिली, कारण मध्येच तोडणं तिला बरं वाटेना. मग तिने उरलेले कप विसळले आणि घरी गेली. डग्लसला चहाच्या वेळी सांगितलं तर तो म्हणाला, “दोन सेकंदांत थांबलीस कधी तू?”

पुढच्या आठवड्यात आयनच्या लक्षात आलं की तो आवाज त्याच्या बाकीच्या कुठल्याच यंत्राशी जुळत नाही. थेल्माने आपल्या कानातली एबेनेझरची पट्टी लावली होती. दुसरा कुणी असता तर त्याने बाईंना पुन्हा उभं केलं असतं. आयनने तसं केलं नाही. पुन्हा घेतला तर असा येणार नाही, हे त्याला कळलं. एवढा कान त्याला होता, हे खरंच. त्याने उलट केलं. बाकीची सगळी यंत्रं कळा फिरवून त्या आवाजापर्यंत चढवली. त्यामुळे डॅरिललाही नेहमीपेक्षा वर गावं लागलं. त्याचा गळा वरच्या जागी आवळला जायचा, आवाज ताणलेला, गारठलेला निघायचा. पुढे लोकांनी त्यालाच सेकंड शिफ्टचं ते प्रसिद्ध थंड दुःख म्हटलं.

गाण्याचं नाव ‘दिवा राहू दे’. दुसऱ्या पाळीहून घरी येणाऱ्या बाईसाठी कुणीतरी खिडकीत दिवा ठेवतं, एवढीच गोष्ट. कडव्यांत डॅरिल एकसुरी सांगत जातो, आणि मग सगळं थांबतं, नि थेल्मा येते. शब्द नाही, फक्त ‘आ’, आयनच्या बोटांखाली तीन वेळा वर चढलेला. तीन थेल्मा एकीवर एक. कोऱ्या पाकिटातल्या काही तबकड्या आधी नाचघरांत वाटल्या होत्या. ब्लॅकपूलला पोरं त्या जागी हात वर करून उभी राहायची म्हणे. मग मोठ्या कंपनीने गाणं उचललं आणि पाकिटाचा छापील नमुना आयनने बाईंना आणून दाखवला. पाठीमागे बारीक अक्षरांत होतं: ‘आवाज – थेल्मा ऑर्मरॉड’. तिने तो नमुना शेकोटीवरच्या फळीवरल्या घड्याळामागे ठेवला. बैठकीतल्या दोन बायकांना दाखवला. तिसरीला त्या दोघींनी सांगितलं.

चॅपेलच्या गायकांचे प्रमुख एलिजा नटल म्हणून होते. आयुष्यभर गिरणीत मुकादमी केलेला माणूस. त्यांनी सरावानंतर थेल्माला थांबवलं.

“मिसेस ऑर्मरॉड, ऐकतो ते खरं का?”

“काय ऐकता?”

“नाचघरात अर्धे उघडे लोक तुमच्या आवाजावर उड्या मारतात म्हणे.”

“मुलांनी मागितला म्हणून एक स्वर दिला. त्यात शब्दसुद्धा नाही.”

“तेच म्हणतोय मी. शब्द असते तर कशाबद्दल आहे ते तरी कळलं असतं.” त्यांनी वही मिटली. “जूनचं पद या वर्षी कुणाकडे द्यावं, विचार करतोय. ग्लेनिस उमेदीची आहे.”

एवढंच बोलणं झालं. रागावले नाहीत, आवाज चढवला नाही. थेल्मा घरी चालत आली. देवापुढे उभं राहायची जागा एका बाजूला आणि पाकिटामागची बारीक अक्षरं दुसऱ्या बाजूला. तिला त्यात फार वेळ लागला नाही. तिला वाटलं, हे काय तोलायचं. दुसऱ्या दिवशी ती आयनच्या दारात उभी राहिली.

“माझं नाव काढ.”

“का हो बाई?”

“काढ म्हणते ना.”

“मग आवाज कुणाचा म्हणून सांगू?”

“यंत्राचा सांग. नाहीतरी यंत्रातूनच येतोय.”

तिने त्याला आणि डॅरिलला तळघरात नेलं, मुलांच्या वर्गातल्या बायबलवर हात ठेवायला लावला आणि वदवून घेतलं की जन्मात कुणाला सांगणार नाही. डॅरिल म्हणाला, “बाई, खून करून आलात की काय?” पण हात ठेवला. पाकिटं दुसरी छापली. घड्याळामागचा नमुना तिने शेकोटीत टाकला. तोही कामाचा राहिला असता, हे चाळीस वर्षांनी कळायचं होतं.

जूनमध्ये पद तिच्याकडे राहिलं. ती गायली. नटलसाहेबांनी मान डोलावली. पुढच्या जूनमध्ये त्यांनी ते ग्लेनिसला दिलं. नव्यांनाही वाव द्यायला हवा, म्हणाले. थेल्मा मागच्या रांगेत उभी राहिली. आणखी पाच वर्षांनी एबेनेझरच बंद झालं. उरलेली माणसं डोंगराच्या वरच्या चॅपेलमध्ये जाऊ लागली, इमारतीत गालिच्यांची वखार आली, ऑर्गन सुटा करून कुणी कुठे नेला ते कुणाला माहीत नाही. त्यातल्या काही नळ्या बराच काळ वखारीच्या मागे पावसात पडलेल्या होत्या. नटलसाहेब त्याआधीच गेले होते.

सेकंड शिफ्टचं मात्र वाढत गेलं. दुसरी तबकडी, तिसरी, जर्मनीत तर लोक वेडे झाले. मधली आठ-दहा वर्षं पडतीची होती. डॅरिलने एकट्याने गाऊन पाहिलं, जमलं नाही. आयनने जाहिरातींना आवाज दिले. मग पुन्हा एकत्र आले, आणि जुनं ते सोनं वाटणाऱ्या लोकांनी मोठमोठी सभागृहं भरली. डॅरिल मंचावर खांबासारखा उभा, आयन यंत्रामागे त्याहून खांबासारखा, असं त्यांचं ठरलेलं. आणि प्रत्येक तबकडीत कुठेतरी तो ‘आ’ असायचा. तीच त्यांची खूण झाली. मुलाखतींत विचारलं की आयन सांगायचा, यंत्राचाच आवाज, आपण महिनाभर बसून घडवला. आणि पट्टी? ती मुद्दाम. कुठल्याच पेटीत नसलेली जागा शोधत होतो, म्हणायचा. दरवेळी थोडी भर पडायची. पहिल्यांदा एक महिना होता, पुढे तीन झाले. त्यावर एक जाडजूड पुस्तकही निघालं. ज्या माणसाने यंत्राला रडवलं, असं त्याच्याबद्दल लिहिलं गेलं.

थेल्माच्या गळ्यात गाठ आली ती दोन हजार चार साली. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी सांगितलं होतं की आवाजाची शीर अगदी लागून आहे, सांगता येत नाही. तसंच झालं. चूक कुणाची नव्हती. गाठ साधी निघाली, जीव वाचला, आवाज गेला. ती देवाचे आभार मानून घरी आली आणि न्हाणीघरात नळ सोडून स्वर लावून पाहिला. पाण्याचाच आवाज जास्त होता.

मग डग्लसने घरातले सगळे खण उपसले. थेल्माचं गाणं कुठेतरी भरलेलं असेलच, म्हणाला. एक कॅसेट सापडली, पंच्याऐंशीच्या जूनची. लावली तर जवळच बसलेल्या कुणा बाईचा खोकला, पोरांची कुजबुज, खुर्च्या, आणि फार लांबून, भिंतीपलीकडून आल्यासारखं काहीतरी. आयुष्यभर गायलेल्या बाईचे उरले ते दोन सेकंद, आणि ते दुसऱ्याच्या नावावर.

ते दोन सेकंद मात्र सगळीकडे भेटायचे. दातांच्या दवाखान्यात, गालिच्यांच्या जाहिरातीत. एकदा दोघं सुपरमार्केटमध्ये गोठवलेल्या भाज्यांपाशी उभी होती. छतातून डॅरिल गाऊ लागला, आणि मग सगळं थांबलं. डग्लसने मान वर केली आणि म्हणाला, “आलीस बघ तू. वाटाण्यांच्या वर.” तिने त्याला कोपराने ढोसलं. डग्लस दोन हजार अकरात गेला. त्यानंतर असं म्हणणारं कुणी उरलं नाही.

गुरुवारी ती गावच्या संग्रहालयात मदतीला बसू लागली ते त्याच्यानंतरच. घर खायला उठायचं. संग्रहालय नसरीन बघते. नसरीनची आई कारखान्यात थेल्माच्या शेजारच्या मशीनवर होती, म्हणून नसरीन तिला आंटी म्हणते. काम फार नसतं. लोकांना कोट कुठे ठेवायचा, शौचालय कुठे, ते दाखवायचं. खुणेने भागतं.

या वर्षी संग्रहालयाने सेकंड शिफ्टच्या चाळिसाव्या वर्षाचं प्रदर्शन मांडलं. तळमजल्याच्या दालनात काचेच्या पेटीत ते जुनं यंत्र ठेवलं, खाली एक मोठं लाल बटण. बटण दाबलं की तो ‘आ’. शेजारी कार्ड: ‘अनेकांना मानवी वाटणारा हा आवाज आयन डकवर्थ यांनी संपूर्णपणे यंत्रावर घडवला.’

थेल्माने ते कार्ड पहिल्या गुरुवारी सतरा वेळा तरी वाचलं असेल. चाळीस वर्षं हे मासिकांत होतं, मुलाखतींत होतं, लांब कुठेतरी होतं. आता ते तिच्या खुर्चीपासून चार पावलांवर होतं, तिच्याच गावात, एबेनेझरपासून दोन गल्ल्या टाकून. संध्याकाळी दार लावताना तिने नसरीनची बाही धरली आणि सगळं सांगितलं. खरखरत, मध्ये थांबत, पाणी पीत. तिला एवढं बोललेलं नसरीनने कधी पाहिलं नव्हतं.

नसरीन शेवटी म्हणाली, “आंटी, तुम्ही खोटं सांगाल असं मी म्हणणार नाही. पण कार्डावर घालायचं तर दाखला लागतो.”

“पट्टी बघ. ऑर्गनची आहे ती.”

“ऑर्गन कुठाय? पुस्तकात तर लिहिलंय की ती पट्टी त्यांनी मुद्दाम…” नसरीन थांबली. “दुसरं काही? कुठे भरलेलं गाणं? नाहीतर तुम्हीच एकदा गाऊन…”

बोलून गेली आणि तिचे कान लाल झाले. थेल्माने तिच्या हातावर थोपटलं.

“उद्या दोघं येतायत उद्घाटनाला,” नसरीन म्हणाली. “लोकांपुढे प्रश्न विचारायचेत, ते मीच विचारणार आहे. हाही विचारते. ते हो म्हणाले की त्याच संध्याकाळी कार्ड बदलते. वचन.”

थेल्मा त्या रात्री प्रार्थनेला बसली तेव्हा पहिल्यांदाच तिने स्वतःसाठी काही मागितलं. एक ओळ मागितली. गळा मागितला नव्हता तिने, तो गेला तेव्हाही.

शुक्रवारी दुपारी मागच्या खोलीत आयन एकटाच बसला होता. एकसष्ट वर्षांचा, अंगात सगळं काळं, चष्म्याच्या काड्या जाड. डॅरिल बाहेर लोकांबरोबर फोटो काढून घेत होता. थेल्मा चहा घेऊन आत गेली.

आयनने वर पाहिलं. मग तो ताडकन उठला. “बाई? अजून आहात तुम्ही?”

“आहे. अर्धी.”

आवाज ऐकून त्याचा चेहरा उतरला. तिने गळ्यावरची खूण दाखवली. तो हळहळला, आणि ते हळहळणं खरं होतं. तिला खुर्ची दिली, स्वतः टेबलाच्या कडेवर टेकला, आणि मग कुजबुजत, अगदी लहान मुलाने प्रगतिपुस्तक दाखवावं तसा म्हणाला, “बाई, मी शब्द पाळला. चाळीस वर्षं. एका जपानी माणसाने मला सहा तास खोदून विचारलं. नाही म्हणजे नाही सांगितलं.”

“माहीत आहे. तुला सोडवायला आलेय त्यातून.”

“म्हणजे?”

“शपथ मी घातली, मीच सोडते. नसरीन विचारेल तुला. हो म्हण. एक ओळ फक्त.”

आयन चहा ढवळू लागला. साखर विरघळून कधीच झाली असेल, तरी ढवळत राहिला.

“आता, बाई?” तो म्हणाला. “पुस्तक छापलंय. विद्यापीठात शिकवतात तो आवाज. मी काय सांगत आलोय आजवर ते…” तो हसला. “यंत्राला रडवलं म्हणतात मी.”

“यंत्र कुठलं रडतंय. मी कप विसळत होते.”

“खरं आहे.” तो खळखळून हसला, आणि क्षणभर तो तळघरातला मुलगा दिसला. मग चष्मा काढून पुसायला लागला. “खरं सांगू, मला स्वतःलाच कधी कधी वाटतं की मी घडवला तो. इतक्यांदा सांगितलंय.”

थेल्माने नाही म्हणून मान हलवली. बोलण्यासारखी हवा छातीत उरली नव्हती.

“आणि तुम्हीच शिकवलंत ना,” तो म्हणाला. “ती फुलं. ज्याच्यासाठी ठेवली त्याला माहीत आहे, बाकीच्यांनी वास घ्यावा. मी विसरलो नाही हं बाई. आम्ही सगळे वास घेतोयच की.”

हे तो प्रेमाने म्हणाला. टोचायचं म्हणून म्हणाला असता तर बरं झालं असतं. थेल्मा उठली. दारातून वळून तिने एवढंच म्हटलं, “हो म्हण.”

“बघू,” तो म्हणाला.

दालन भरलं होतं. मागे उकडलेल्या वाटाण्यांचा आणि मांस भरलेल्या ‘पाय’चा वास, ज्या लोकांनी पूर्वी सेकंड शिफ्टला पोरकटपणा म्हटलं होतं तेच पुढच्या रांगेत. थेल्माला नसरीनने कडेची खुर्ची दिली होती, काचेच्या पेटीशेजारी. प्रश्न सुरू झाले. पहिलं यंत्र कुठून आणलं, भांडण का झालं, जर्मन लोक तुम्हाला एवढं का मानतात. डॅरिल म्हणाला, “त्यांना आमचे शब्द कळत नाहीत, हे मुख्य कारण.” लोक हसले.

मग नसरीनने हातातला कागद पाहिला आणि तो बाजूला ठेवला. “एक गावचा प्रश्न आहे,” ती म्हणाली. “या आवाजात एखादं खरं माणूस आहे का? इथलं, आपल्यातलं? काहीजण म्हणतात, आहे.”

दालनात थोडी हालचाल झाली. आयनने थेल्माकडे पाहिलं. नीट पाहिलं, चुकून नाही. डॅरिलने मान खाली घालून बुटांचे बंद तपासले.

“ऐकायला छान वाटतं,” आयन म्हणाला. “लोकांना त्यात आपापली आई, आजी ऐकू येते. तेच तर साधायचं होतं मला. पण नाही. माणूस नाही त्यात.”

“माणूस मीच काय तो,” डॅरिल खाली बघूनच म्हणाला, “आणि त्याबद्दलही आयनला शंका आहे.”

मोठा हशा झाला, टाळ्या पडल्या. नसरीननेही टाळ्या वाजवल्या, आणि वाजवता वाजवता तिची नजर थेल्मावर आली. चष्मा कपाळावर असताना घरभर चष्मा शोधणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे आपण बघतो, तसं तिने पाहिलं. फार मायेने. थेल्माने मान खाली घातली नाही. तिचा शब्द तिने चाळीस वर्षांपूर्वी ज्याला शिकवला, त्याने तो जसाच्या तसा परत केला होता. यंत्राचा सांग, असं म्हणाली होती ती. त्याने सांगितला.

जाताना आयनने तिच्या गालाला ओठ टेकवले आणि सही केलेला फोटो हातात दिला. त्यावर लिहिलं होतं, ‘बाईंना, आदराने’. बाई कोण, ते फोटो पाहून कुणाला कळणार नव्हतं.

पुढच्या गुरुवारी नसरीन दारातच भेटली. “आंटी, मी विचार करत होते,” ती म्हणाली, “खाली फार गर्दी, फार आवाज. तुम्हाला दमायला होतं. तुम्ही आता वर बसा ना, सपातांच्या दालनात. कड कशी शिवायची ते लोकांना दाखवा. तुमच्याइतकं कुणाला येतंय?” आणि थोडं थांबून, “माझ्या अम्मीलाही शेवटी शेवटी असं व्हायचं, आंटी. न घडलेलं आठवायचं. त्यात लाज नाही.”

थेल्मा वर गेली. वरचं दालन स्वच्छ, उजेडाचं. काचेत लहान मुलांच्या सपाता, बायकांच्या, एक जोड कुठल्या राणीला नजर केलेला. तिने मशीनपाशी बसून दोऱ्याचं टोक ओलं केलं. खाली शाळेची मुलं आली असावीत, कारण लाल बटण सारखं दाबलं जात होतं. जमिनीच्या फळ्यांतून तो स्वर वर यायचा, दोन सेकंद, मग थांबायचा, मग पुन्हा यायचा. तेहतीस वर्षांची बाई, हात ओले, पट्टी एबेनेझरची. थेल्मा अजूनही रविवारी डोंगरावरच्या चॅपेलमध्ये जाते, पदं चालू असताना ओठ हलवते, आणि देवाला ओठ वाचता येतात असं मानते. इथे मात्र तिने ओठही हलवले नाहीत. ती कड शिवत राहिली.

बर्नलीहून आलेलं एक जोडपं सपाता बघत होतं. पुन्हा खालून स्वर आला, आणि लगेच पुन्हा. बाईने कपाळाला हात लावला.

“काय हो, दिवसभर चालतं का हे? डोकं उठत असेल तुमचं.”

थेल्माने मान वर केली. ती गप्प बसेल असं वाटलं होतं. पण तिने घसा खाकरला आणि जेवढा आवाज होता तेवढ्यात म्हणाली, “यंत्र आहे, बाई. त्याला दम लागत नाही.”